रुमालाखालचे चमचे

झाशीत ओरछा गेटजवळ लग्नकार्याच्या सामानाचं एक दुकान आहे. द्रोण, पत्रावळी, कागदी पेले, प्लास्टिकचे चमचे. तिथून मी वर्षानुवर्षं चमच्यांची पाकिटं आणत आलो. दुकानदार ओळखीचा झाला होता. "बाबूजी, हर महीने आपके यहाँ दावत होती है और हमें एक बार भी नहीं बुलाया," असं म्हणायचा. मी हसायचो आणि पाकीट घेऊन निघायचो. चमचे कशाला लागतात ते सांगायचं तर बरंच मागे जावं लागलं असतं.

मी छोटी विमानं करतो. प्लास्टिकचे सुटे भाग जोडायचे, सांधे घासून सपाट करायचे आणि रंग द्यायचा. नोकरी रेल्वेत, कागदपत्रांची. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. नगरा वस्तीतलं घर वडिलांनी बांधलेलं. तेही रेल्वेतलेच, भुसावळहून बदलीवर झाशीला आले आणि परत गेले नाहीत. ते गेल्यावर त्यांची मागची खोली मी घेतली. तिथे टेबल, दिवा, खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा आणि हवा दाबून भरणारा, घरघरणारा कॉम्प्रेसर. कॉम्प्रेसरच्या नळीला रंग फवारणारा पेनाएवढा एअरब्रश. सुट्टीचा सगळा दिवस माझा त्या खोलीत जायचा, दार लावून.

मला आवड होती ती रंग न दिलेल्या जुन्या जेट विमानांची. त्यांचा उघडा धातू तसाच चमकत असे. प्लास्टिकवर तो धातू आणणं फार अवघड. आधी चकचकीत काळा रंग द्यावा लागतो, इतका गुळगुळीत की त्यात वरचा दिवा दिसावा. तो वाळला की त्यावर एअरब्रशने धातूच्या रंगाचे अगदी पातळ फवारे, एकावर एक. कुठे थांबायचं ते कळायला हवं. जास्त झालं की सगळं राखाडी होतं, कमी झालं की काळं डोकावतं. काळ्यावर धुळीचा एक कण बसला असेल तर धातू तो लपवत नाही, उलट दाखवून देतो. म्हणून दार बंद आणि डोक्यावरचा पंखा बंद. उन्हाळ्यात कूलरही बंद, कारण त्याच्या ओल्या हवेने रंगावर दुधासारखी साय धरते. आमच्याकडे एकच कूलर, मधल्या खोलीच्या खिडकीत. मे महिन्यात झाशीत कूलर बंद करणं म्हणजे काय ते इथे राहिलेल्यालाच कळेल. आई हातपंखा घेऊन बसायची आणि दाराबाहेरून विचारायची, "झालं का रे तुझं विमान गार? आम्ही शिजलो."

विमानावर थेट प्रयोग करता येत नाहीत, म्हणून आधी चमचे. पालथ्या चमच्याची पाठ विमानाच्या पोटासारखी फुगीर असते, उजेड तिच्यावरून तसाच वळतो. एकदा असा रंगवलेला चमचा खऱ्या स्टीलशी ताडून पाहायला मी स्वयंपाकघरात गेलो. आई चहा गाळत होती. तिने माझ्या हातात नुसतं पाहिलं.

"हे काय?"

"स्टील."

"ही जस्ताची बादली आहे. स्टील असं असतं होय?"

तिथून खेळ सुरू झाला. ताटात पाच-सहा खरे चमचे पालथे मांडायचे, त्यांच्यात माझा एक. दांड्यांवर रुमाल टाकायचा, नाहीतर दांडी पाहूनच कुणीही ओळखेल. आई ओट्याजवळ स्टुलावर बसायची. फक्त पाहायचं, हात लावायचा नाही.

"हात लावायचा नाही म्हणे. भांड्यांना हात लावण्यातच जन्म गेला माझा."

"म्हणून तर नको. हात लावलास की खेळ संपला."

मग ती दोन्ही हात पदरात गुंडाळून घ्यायची, जरा पुढे झुकायची आणि हनुवटीने दाखवायची. "तो. मधला. तो मेला तुझा."

"कशावरून?"

"बाकीच्यांत मी दिसते. बारकी दिसते, पण दिसते. त्याच्यात नुसतं धुकं."

नेहमी बरोबर असायची. मला राग यायचा आणि मजाही वाटायची. परत खोलीत जाऊन मी काळा रंग आणखी घासायचो, फवारा आणखी पातळ करायचो. विमानाच्या धुराड्याजवळचा जळका निळा रंग मला जमत नव्हता, तेव्हा तिने चहाचं रिकामं पातेलं गॅसवर ठेवून दाखवलं. तळाला निळं-जांभळं चढत गेलं. "तुझे वडील असंच विसरायचे पातेलं," ती म्हणाली. ते पातेलं मी खोलीत नेलं आणि परत दिलंच नाही. ती मागायची, मी उद्या देतो म्हणायचो. अजून ते तिथेच आहे.

सुट्टीच्या दिवशी सकाळचा चहा झाला की हा खेळ व्हायचा. दहा-पंधरा मिनिटं. एरवी मी आईशी काय बोलत होतो ते आठवायचा प्रयत्न केला तर फारसं काही हाती लागत नाही. औषध घेतलं का, लाइट कधी गेली, चिरगाँवहून भाजीवाली आली का. एवढंच.

मग एका संक्रांतीला ती हरली.

नवीन मिश्रण होतं. ताट मांडलं, रुमाल टाकला. आईने हात पदरात घेतले, बराच वेळ पाहिलं आणि कडेचा चमचा दाखवला. मी रुमाल उचलला. तो खरा होता, तिच्या लग्नातल्या सेटमधला. माझा त्याच्या शेजारी होता.

"हरले बाई," ती म्हणाली.

मी ओरडलोच. बायकोला हाका मारल्या. ती पिठाच्या हातांनी आली, तिला दोन्ही चमचे दाखवले. बायको म्हणाली, "मला तर दिसतोय फरक." मी म्हटलं, "आता सांगितल्यावर दिसणारच." आईच्या नजरेवर माझा इतका विश्वास होता की बायकोचं म्हणणं मी कानावरच घेतलं नाही. आई हसत होती. तिने माझ्या हातावर तिळाचा लाडू ठेवला. तो हातावर नीट आला नाही, बोटांवर आपटून खाली पडला. मी उचलून खाल्ला.

त्यानंतर ती वारंवार हरू लागली. मी मिश्रणाची कृती पक्की केली आणि एक मोठं विमान हातात घेतलं. दिल्लीला दर हिवाळ्यात आमच्यासारख्या, छोटी विमानं करणाऱ्या लोकांचं प्रदर्शन भरतं. तिथे ते ठेवायचं ठरवलं. गावोगावच्या ओळखीच्यांना फोनवर सांगत सुटलो की माझं स्टील आता माझी आईसुद्धा ओळखत नाही.

आता जे सांगणार आहे ते बायकोलासुद्धा फार उशिरा सांगितलं. पावसाळ्यातली एक सुट्टी होती. आभाळ भरलेलं. मी ताट मांडताना डब्यातून चुकून जुना चमचा घेतला, तो पहिला, जस्ताच्या बादलीचा. रुमाल टाकल्यावर माझ्या लक्षात आलं. म्हटलं, असू दे, आईला हसायला येईल. तिने पाहिलं. पुढे झुकली. मग आणखी झुकली. आणि खरा चमचा दाखवला.

तो जुना चमचा इतका वाईट होता की दारातूनसुद्धा कळला असता. मी रुमाल उचलला नाही. वर ट्यूबलाइट होती, बटण माझ्या हाताशी होतं. मी ती लावली नाही. मनाशी म्हटलं, आज उजेड कमी आहे. "हरलीस," म्हणालो, ताट तसंच उचललं आणि खोलीत नेलं. चमचा डब्याच्या तळाशी टाकला. दिवसभर रंग दिला. माझा हात कुठेही चुकला नाही.

मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय त्या दिवसानंतर उरली नाही. मला कळलं होतं. पण ते खरं धरलं असतं तर संक्रांतीपासूनची माझी सगळी जीत खोटी ठरत होती, आणि विमान अर्धं झालं होतं.

बायको सांगत होती. "अहो, आईंनी घासलेल्या कुकरला शितं तशीच असतात. मी गुपचूप पुन्हा घासते." नंतर एकदा, "आज त्यांनी चहा कपाच्या बाहेर ओतला. डोळे दाखवून घ्या ना त्यांचे." मी म्हणायचो, मोतीबिंदू असणार, या वयात होतोच. पिकू दे, थंडीत काढू. घरोघर असंच म्हणतात. आईही तेच म्हणत होती. "कच्चा असताना काढत नाहीत. शेजारच्या भाभीजींनी दोन वर्षं थांबून काढला, आता सुईत दोरा ओवतात." म्हणजे आम्ही दोघंही ज्याची वाट पाहत होतो ते आंब्यासारखं पिकणारं काहीतरी होतं. दिवाळीला बायकोने पुन्हा विषय काढला. मी म्हटलं, प्रदर्शन होऊन जाऊ दे.

प्रदर्शनात विमानाला बक्षीस मिळालं. परीक्षकांपैकी एकजण बराच वेळ वाकून पाहत होते. म्हणाले, धुराड्याजवळचा रंग कुठून मिळाला? मी पातेल्याची गोष्ट सांगितली. ते हसले, आजूबाजूचे चारजण हसले. परतीच्या गाडीत विमानाचं खोकं मी मांडीवर धरून बसलो होतो.

घरी आल्यावर विमान जेवणाच्या टेबलावर काढून ठेवलं. आईला म्हटलं, बघ. ती समोर बसली होती. "छान झालंय," म्हणाली. "जवळून बघू?" आणि हात पुढे केला. तो विमानाकडे सरळ आला नाही. बाजूने आला, आणि मनगट पंखाला लागलं. विमान घसरलं, टेबलाच्या कडेवर आपटलं. पंख मुळातून तुटला.

"दिसत नाही का तुला?" मी ओरडलो.

आईचा हात तसाच हवेत राहिला होता. ती म्हणाली, "नाही रे."

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. मग आई खाली वाकली आणि जमिनीवर तळहात फिरवत तुटलेला पंख शोधायला लागली. तो टेबलाखाली पडलाच नव्हता. टेबलावरच होता.

दुसऱ्या दिवशी इथल्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी ग्वाल्हेरला पाठवलं. तिथल्या डॉक्टर बाई आईला बराच वेळ तपासत होत्या. मग मला म्हणाल्या, मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. डाव्या डोळ्यात काही उरलेलं नाही. उजव्यात मधोमध थोडं आहे, खिडकीच्या फटीएवढं. "जो चला गया, वो नहीं लौटेगा. जो बचा है, उसको सँभालना है. माताजी को दिक्कत कब से है?"

मला महिना माहीत होता. तो दिवस, ते ताट, तो लाडू, सगळं माहीत होतं.

"अभी दो-तीन महीने से," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "इतना तो सालों में जाता है. पहले बगल का जाता है, फिर हल्के-गहरे का फर्क समझना मुश्किल होता है. घर में किसी ने नोट नहीं किया?"

आईला हिंदी माझ्याइतकीच येते. ती खुर्चीत मान खाली घालून बसली होती. तिने माझं खोटं तसंच राहू दिलं.

तेव्हापासून थेंब सुरू झाले. दोन बाटल्या आहेत. एकीचा थेंब टाकला की थोडं थांबायचं, मग दुसरीचा. दोन्हींच्या मध्ये डोळे मिटून बसायचं. हे काम मी बायकोला करू दिलं नाही. आई त्याच स्टुलावर बसते, मान मागे टाकते. थेंबांमधल्या त्या वेळात एकदा मीच विचारलं.

"आई, तू चमच्यांत हरायला लागलीस, तेव्हापासूनच दिसत नव्हतं ना?"

"हं."

"मग बोलली का नाहीस?"

"मोतीबिंदू आहे असंच वाटलं रे मला. खरंच." डोळे मिटलेलेच होते. पाणी कानाकडे ओघळत होतं, ते तिने पदराने टिपलं. "आणि काय बोलायचं? केवढा खूश झाला होतास. सुनेला हाका काय मारल्यास. म्हटलं, आता सांगितलं तर खेळ बंद करशील."

"करायलाच हवा होता."

"तेवढ्यासाठी तर बाहेर यायचास त्या खोलीतून."

हे तिने तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. दूध उतू गेलं, असं सांगावं तसं सांगितलं. मी दुसऱ्या बाटलीचं झाकण काढलं. थेंब तिच्या गालावर पडला. "पुन्हा टाक," ती म्हणाली.

पावसाळ्यातल्या त्या जुन्या चमच्याबद्दल मात्र मी तिला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही. तिने आपलं कारण सांगून माझ्यावरचं ओझं थोडं स्वतःकडे घेतलं आहे. चमच्याचं सांगितलं तर ते सगळं मला परत मिळेल. ते मिळायलाच हवं हे मला कळतं. पण ते ऐकताना तिचं तोंड कसं होईल ते पाहण्याची हिंमत माझ्यात नाही.

मी रंगकाम बंद केलं. एअरब्रश धुऊन, पुसून खोक्यात ठेवला. तुटका पंख जोडला नाही. ज्या डोळ्यांनी मला पोलाद आणि ॲल्युमिनियममधला फरक दिसत होता, त्यांना टेबलापलीकडची आई दिसली नव्हती. असं काहीतरी मनात यायचं आणि मी तेच घोळवत बसायचो. बायको एकदा म्हणाली, "त्या खोलीत बसून पश्चात्ताप करण्यापेक्षा आईंजवळ जाऊन बसा." बरोबर होतं तिचं. मी जाऊन बसलो. पण मी शेजारी नुसताच बसलो की आई अवघडायची. म्हणायची, "जा, तुझी कामं असतील."

काही दिवसांनी तिने विचारलं, "तुझं ते मशीन बिघडलं का रे?"

"नाही. का?"

"आवाज येत नाही. तो घरघर आवाज आला की कळायचं, तू घरात आहेस."

पुढच्या सुट्टीला मी खोलीत गेलो, दार लावलं आणि कॉम्प्रेसर सुरू केला. खोक्यातून एअरब्रश काढला, पण रंगाच्या बाटलीला हात लागेना. मग रिकाम्याच एअरब्रशचा खटका दाबून बसलो. हवा सुटत होती. टाकी रिकामी झाली की मशीन घरघरायचं, भरली की थांबायचं. मी पुन्हा हवा सोडायचो. समोर भिंत होती. सकाळभर असं केलं.

दुपारी थेंब टाकायला गेलो. आईने मान मागे टाकली. पहिला थेंब नीट पडला. डोळे मिटून ती म्हणाली, "आज रंग नाही दिलास ना?"

"दिला की."

"वास नाही आला."

तिच्या ओठांच्या कडा हलल्या, पूर्वी रुमाल उचलायच्या आधी हलायच्या तशा. "नुसती हवा सोडत होतास. मला फसवतोस होय?"

"हरलो," मी म्हणालो.

"मग? दे की रंग. आणि दार उघडं ठेवत जा. आवाज नीट ऐकू येतो."

दुसरा थेंब टाकला. मग उठलो, खोलीत जाऊन काळ्या रंगाची बाटली उघडली आणि दार सताड उघडं ठेवलं.

त्याला वर्ष होऊन गेलं. थेंब चुकले नाहीत, तरी उजव्या डोळ्यातली ती फट या पावसाळ्यात मिटली. आता तिला खिडकी कुठे आहे एवढंच कळतं. दिवसातून दोन-चारदा ती स्टुलावरून हाक मारते, "आता काय चाललंय?" मी सांगतो, काळा देतोय, घासतोय, आता धातू चढवतोय. कूलर चालू असतो, तिच्या अंगावर वारा लागेल असा. उघड्या दारातून धूळ येते, ओली हवा येते. काळ्यावर कण बसतात, वरून साय धरते. दार उघडं ठेवून चांगला धातू होत नाही. या वर्षभरात एकही झालेला नाही.